चेन ताणली, म्हणजे नेमके काय झाले?

कसालला मुंबई-गोवा महामार्ग सोडून मालवणचा रस्ता धरला की कट्टा, चौके अशी गावे घेत तीस-पस्तीस किलोमीटरवर समुद्र येतो. या पट्ट्यातल्या सायकलस्वारांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली अशी, की सायकल नवी होती तेव्हा चेन घट्ट होती, आता ती लोंबते आणि ऐन चढावर उतरते. दुरुस्तीवाला मागचे चाक थोडे मागे सरकवून देतो. काही महिन्यांनी चाक सरकवायला जागाच उरत नाही, तेव्हा तो चेनमधली एक जोडकडी काढतो आणि निदान सांगतो, ‘चेन ताणली.’ दुसरी तक्रार याहून चमत्कारिक आहे. जुनी चेन कशीबशी चालत होती. कंटाळून कोरी चेन टाकली, आणि त्या दिवसापासून पायडलवर जोर दिला की ती कटकट करत दात्यांवरून सटकते. जुनी चालते आणि नवी चालत नाही, हे कसे?

दोन्ही कोड्यांचे मूळ एकच आहे. ते नीट पाहिले की आपली नेहमीची देखभाल, म्हणजे कुरकुर ऐकू आली की तेल सोडायचे, ही अर्धी बरोबर आणि अर्धी घातक ठरते. तेल कमी पडल्यामुळे चेन खराब होते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी दिसते की बहुतेक चेनचे आयुष्य तेलात मिसळलेली माती संपवते, आणि ती माती आत पोचवण्याचे काम बऱ्याचदा आपले तेलच करते.

पट्ट्या ताणत नाहीत

आधी ‘ताणली’ या निदानाची परीक्षा घेऊ. सत्तर किलो वजनाचा माणूस चढावर उभा राहून सगळा भार एका पायडलवर टाकतो, असे धरू. क्रँकची लांबी साधारण १७० मिलिमीटर आणि ४४ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या सुमारे ८९ मिलिमीटर. तरफेच्या हिशेबाने पायाखालचे वजन चेनवर जवळजवळ दुपटीने पडते, म्हणजे सुमारे १३४ किलोची ओढ. साधी सायकल-चेन तुटायला आठशे किलोच्या आसपास ओढ लागते. पोलादाची पट्टी कायमची लांब व्हायची असेल तर ओढ या तुटण्याच्या मर्यादेच्या बरीच जवळ जावी लागते, आणि रोजच्या चालवण्यात ती तिच्या सहाव्या हिश्शाच्या पुढे फारशी सरकत नाही. एवढ्या ओढीने पट्टी क्षणभर किंचित ताणते आणि पाय उचलला की पूर्ववत होते. झिजलेल्या चेनची एकेक पट्टी सुटी करून तिच्या दोन भोकांमधले अंतर मोजले, तर ते नव्या पट्टीइतकेच भरते. तरीही पूर्ण चेन लांब झालेली असतेच. मग ही लांबी आली कुठून?

केसाएवढी झीज

त्यासाठी चेनचा सांधा उघडून पाहायला हवा. बाहेरच्या दोन पट्ट्या पिनने जोडलेल्या असतात. आतल्या दोन पट्ट्यांमध्ये पोकळ नळी बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. बाहेरच्या कडीची पिन आतल्या कडीच्या बुशमधून जाते, आणि बुशवर बाहेरून एक सैल रोलर फिरतो, जो दात्यांच्या खाचेत बसतो. एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेन दात्यांवर वळते तेव्हा पिन बुशच्या आत थोडी फिरते, आणि ती फिरताना ओढ चालूच असते. धातूवर धातू घासला जातो तो इथे, डोळ्यांना न दिसणाऱ्या या जागी.

ही जागा नाजूक आहे हे कारागिरांना फार पूर्वी कळले होते. आधीच्या चेनमध्ये पातळ पट्टी थेट पिनवर घासत असे. सगळा भार त्या पट्टीच्या काठाएवढ्या अरुंद जागेवर येई आणि पिनेला लवकरच खाचा पडत. मँचेस्टरमध्ये कारखाना चालवणाऱ्या हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० साली बुश असलेल्या रोलर चेनचे पेटंट घेतले. बुशमुळे भार पिनेच्या बऱ्याच मोठ्या लांबीवर पसरला आणि झीज एकदम मंदावली. पाचच वर्षांनी, १८८५ साली, जॉन केंप स्टार्ली यांची मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ सायकल आली, आणि आजच्या सायकलचा घाट तिथून ठरला. म्हणजे आपण वापरतो ती चेन मुळात झिजेवरचाच तोडगा आहे. झीज तिने मंद केली, थांबवली मात्र नाही.

आता किती झिजल्यावर चेन निकामी होते, ते पाहू. बारा इंच चेनमध्ये २४ सांधे येतात. ही बारा इंचांची लांबी एका सूताच्या निम्म्याने, म्हणजे एक सोळांश इंचाने किंवा १.६ मिलिमीटरने वाढली, की जाणकार चेन बदलायला सांगतात. ही वाढ २४ सांध्यांत वाटली तर प्रत्येक सांध्याच्या वाट्याला ०.०६६ मिलिमीटर येते. माणसाच्या केसाची जाडी एवढीच असते. सांध्यागणिक केसाएवढा धातू गेला, की चेन संपली. आणखी एक बारकावा असा, की बुश आतल्या पट्ट्यांत पक्के बसवलेले असतात, त्यामुळे आतल्या कडीच्या दोन रोलरांमधले अंतर कधी बदलत नाही. सगळी वाढ बाहेरच्या कडीच्या वाट्याला जाते. झिजलेली चेन म्हणजे एक कडी बरोबर, पुढची लांब, पुन्हा एक बरोबर, अशी लंगडी माळ.

पहिले कोडे इथे सुटले. जोडकडी काढल्याने चेनची एकूण लांबी कमी होते, लोंबणे थांबते आणि गिऱ्हाईक समाधानाने जाते. पण उरलेल्या शंभरेक सांध्यांमधले अंतर वाढलेले ते वाढलेलेच राहते. लोंबणे हे लक्षण होते, ते तेवढे झाकले गेले.

दुसरे कोडेही यातूनच उलगडते. अंतर वाढलेली चेन दात्यांच्या तळाशी नीट बसत नाही, थोडी वर चढून बसते. भार सगळ्या दात्यांत वाटला जाण्याऐवजी एकदोघांवर येतो. ते दाते एका अंगाने कोरले जातात, त्यांची टोके वाकल्यासारखी आकडेदार दिसू लागतात. मागच्या फ्रीव्हीलला दाते कमी, त्यामुळे प्रत्येक दात्याची पाळी वारंवार येते आणि ते आधी खराब होते. जुनी चेन आणि जुने फ्रीव्हील एकमेकांच्या जोडीने झिजलेली असतात, म्हणून त्यांचा मेळ जमतो. कोऱ्या चेनचे अंतर बरोबर अर्ध्या इंचाचे असते आणि समोरचे दाते वाढीव अंतराप्रमाणे कोरलेले. हलक्या चालीत ते खपून जाते. जोर पडला की रोलर दात्याच्या पाठीवर चढतो आणि पुढे उडी मारतो. दोष नव्या चेनचा नसतो, तिला उशिरा आणल्याचा असतो.

दहा किलोमीटरमागे साडेचौदाशे वेळा

केसाएवढी झीज व्हायला वेळ तरी किती लागतो? २८ इंची चाकाची काळी सायकल घ्या. पुढे ४४ दाते, मागे १८, आणि चेनमध्ये सुमारे ११२ कड्या. पायडलच्या एका फेरीत ती साधारण ५.४ मीटर पुढे जाते. दहा किलोमीटरला सुमारे १,८५० फेऱ्या होतात आणि तेवढ्यात पूर्ण चेन सव्वासातशे वेळा फिरते. चेनच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार ठिकाणी वळतो, त्यातली दोन वळणे वरच्या, ताणलेल्या बाजूला. म्हणजे शाळेत जाऊन-येऊन दहा किलोमीटर होत असतील, तर दर दिवशी प्रत्येक पिन आपल्या बुशमध्ये ओढीखाली साडेचौदाशे वेळा फिरते. १८ दात्यांवर वळताना हा कोन २० अंशांचा असतो. गियरच्या सायकलीत ११ दात्यांची चकती असेल तर तो जवळजवळ ३३ अंशांवर जातो. चकती जितकी लहान, तितकी घासण जास्त. एवढे घासूनही स्वच्छ, वंगण असलेली चेन हजारो किलोमीटर टिकते, याचा अर्थ धातूवर धातू फिरणे हे स्वतः फारसे विध्वंसक नाही. दोन धातूंच्या मध्ये काय सापडते, यावर सगळे ठरते.

तेलातली माती

या प्रश्नावर कसालच्या परिसरातली जमीन बरेच काही सांगते. इथला जांभा दगड लोह आणि अॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा बनलेला आहे. चिरेखाणीतून चिरे भरून निघालेल्या ट्रकांमागे जी लाल धूळ उडते, तिच्यात लोहाचे ऑक्साइड भरपूर असते. दागिने आणि भिंगे घासून चमकवायला जी लाल पावडर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, तीही लोहाचे ऑक्साइडच. जी पावडर सोन्यावरचा अणुरेणूएवढा थर काढते, ती पिनेवरचाही काढणारच. याहून वाईट वाळू. कणकवली तालुक्यातल्या कसार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, आणि किनाऱ्यावरच्या वाळूतही क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या दहाच्या मापपट्टीवर क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे. साध्या पोलादाला ते सहज ओरखडते, कडक केलेल्या पोलादालाही हळूहळू कुरतडते.

आता तेलाची भूमिका. कोरडी धूळ कोरड्या चेनवर बसली तर बरीचशी झडून जाते. पाट्यावर कोरडे खोबरे ठेवून वरवंटा फिरवला तर ते इकडेतिकडे उडते. पाण्याचा शिपका मारला की तेच खोबरे दगडाखाली टिकून राहते आणि गंधासारखे बारीक वाटले जाते. चेनवर बाहेरून चोपडलेले तेल हेच काम करते. ते धूळ पकडून ठेवते, तिचा काळा लगदा करते, आणि चेन वळली-सरळ झाली की तो लगदा पिन आणि बुशच्या फटीत ओढला जातो. तिथे वाटले जाते ते पोलाद. झिजलेल्या पोलादाची भुकटी त्याच लगद्यात मिसळते आणि लगदा आणखी धारदार होतो. गॅरेजात इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायला मेकॅनिक जी पेस्ट वापरतात, तिची कृतीही वेगळी नाही: कठीण दाणे आणि चिकट वंगण.

या तर्काला प्रयोगशाळेचा एक मजेशीर दुजोरा आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास सायकल-चेनची कार्यक्षमता मोजली. उत्तम स्थितीत पायडलवर दिलेल्या शक्तीपैकी ९८.६ टक्के शक्ती मागच्या चाकापर्यंत पोचत होती, आणि कोणते वंगण वापरले याने त्या आकड्यात फारसा फरक पडला नाही. यावरून कोणी म्हणेल की मग तेल हवेच कशाला? पण ते मोजमाप स्वच्छ खोलीतले, थोड्या वेळाचे. तिथे धूळ नव्हती, पाऊस नव्हता. तेलाचे खरे काम बहुधा फट भरून ठेवण्याचे आहे, म्हणजे मातीला आणि पाण्याला आत जागाच उरू नये. म्हणून तेल आत हवे. बाहेरच्या पट्ट्यांवर त्याचा उपयोग गंज रोखणाऱ्या पुसट थरापुरता, त्याहून जास्त असेल ते धुळीला आमंत्रण.

‘पूर्वी तर काहीच करत नसत’

यावर कोकणातला सर्वांत बिनतोड वाटणारा आक्षेप असा, की आजोबांच्या काळ्या सायकलला कोणी कधी चेन पुसली नाही, वर्षातून एकदा गॅरेजातले काळे तेल ओतले, आणि ती वीस वर्षे चालली. आक्षेपातली हकीकत खरी मानू. पण त्या सायकलला काय होते ते पाहा. पत्र्याचे बंद चेनकव्हर होते, त्यामुळे चाकाने उडवलेला चिखल चेनपर्यंत पोचतच नसे. चेन रुंद होती, तेव्हा भार मोठ्या जागेवर पसरे. गियर नसल्याने चेन कायम एका सरळ रेषेत धावे. आजोबा तेल ओतत म्हणून चेन टिकली असे नाही, माती आत येत नव्हती म्हणून ती त्या काळ्या तेलातही तगली. उलट आजच्या गियरच्या सायकलीला कव्हर नाही, चेन अरुंद, चकत्या लहान, आणि बऱ्याच गियरांत चेन तिरकी धावते. शिवाय या अरुंद चेनमध्ये वेगळा बुश नसतो. आतल्या पट्टीच्या भोकाची कडा उभारून तेच काम साधलेले असते. त्यामुळे तेल आत जायला सोपे, आणि मातीलाही. जुना उपाय नव्या यंत्राला लावणे इथे चुकते. पत्र्याचे कव्हर खडखडते म्हणून काढून टाकणारे मात्र दोन्हीकडून गमावतात.

दुसरा आक्षेप खाऱ्या हवेचा. समुद्र जवळ असल्यावर गंजणारच, त्याला आपण काय करणार? किनाऱ्यावर, म्हणजे मालवण किंवा तारकर्लीत, यात तथ्य आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपोआप ओलावा ओढून घेते आणि लोखंडावर खारट पाण्याचा पातळ थर कायम राहतो. पण हवेतून येणारे मीठ किनाऱ्यापासून आत जाल तसे झपाट्याने कमी होते. कसालसारख्या आतल्या गावी गंजाचा दोष मिठापेक्षा न पुसलेल्या पावसाच्या पाण्यावर जास्त जातो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे. बाहेरच्या पट्ट्यांवरचा तांबूस गंज दिसायला वाईट असला तरी त्याने चेन लांबत नाही. सांध्यात शिरलेला गंज मात्र दुहेरी नुकसान करतो. तो धातू खातो आणि वर स्वतःच घासणारी पावडर बनतो.

राहिला पैशांचा मुद्दा, की चेन काही महाग नसते, झिजली तर बदलू. साध्या सायकलीच्या बाबतीत हे जवळजवळ पटण्यासारखे आहे. पण न मोजता वापरलेली चेन एकटी जात नाही, सोबत फ्रीव्हील आणि चेनव्हीलचे दाते घेऊन जाते. गियरच्या सायकलीत मागच्या चकत्यांचा संच चेनपेक्षा कितीतरी महाग असतो.

चौकट: पट्टी लावून पाहा

बारा इंचांची पोलादी पट्टी घ्या. शिंप्याची टेप नको, ती स्वतःच ताणते. चेनच्या वरच्या बाजूला, पायडल किंचित दाबून ताण ठेवत, शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरा. नवी चेन असेल तर तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर गियरच्या सायकलीची चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच गेली असेल तर साध्या सायकलीचीही झाली, आणि गियरच्या सायकलीत आता चकत्याही तपासाव्या लागतील.

आधी पुसणे, मग तेल

रोजच्या वापराच्या सायकलीला खरी निगा फडक्याची लागते. खालच्या बाजूची चेन जुन्या सुती फडक्यात धरून पायडल उलटे फिरवायचे, फडके काळे होणे कमी होईपर्यंत. लाल मातीच्या रस्त्याने येणाऱ्याने हे आठवड्यातून एकदा केले तरी अर्धे काम झाले. लगदा फार साठला असेल तर थोडे रॉकेल किंवा डिझेल आणि जुना दातांचा ब्रश. मात्र त्यानंतर चेन पूर्ण सुकू द्यायला हवी, नाहीतर आत राहिलेले रॉकेल नव्या तेलाला पातळ करते. गाड्या धुण्याच्या ठिकाणचा जोराचा फवारा चेनवर मारणे हा तर मातीला सांध्यात ढकलण्याचा खात्रीचा मार्ग.

तेल घालायचे ते धार सोडून नाही. प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, मग पायडल काही वेळ फिरवायचे, पाचदहा मिनिटे तेल आत झिरपू द्यायचे, आणि शेवटी बाहेरचे सगळे तेल पुसून काढायचे. ही शेवटची पायरीच लोक गाळतात, तेल वाया गेल्यासारखे वाटते म्हणून. शिलाई मशीनचे पातळ तेल आत छान जाते, पण पावसात लवकर धुऊन निघते. सायकलच्या चेनसाठी मिळणारे थोडे दाट तेल पावसाळ्यात बरे. खोबरेल घरात हाताशी असते म्हणून वापरले जाते, पण ते २४ अंशांच्या खाली थिजते, आणि डिसेंबरच्या पहाटे सिंधुदुर्गात पारा त्याखाली सहज जातो. थिजलेले तेल फटीत शिरत नाही. गॅरेजातल्या काळ्या तेलात काजळी आणि धातूची भुकटी आधीच मिसळलेली असते. ग्रीस बाहेरच बसून राहते. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबरी पट्टी लावणे मात्र या सगळ्या तेलांपेक्षा जास्त कामाचे, कारण पुढचे चाक जे चिखलपाणी मागे फेकते ते थेट चेनव्हीलवर येते.

आता प्रश्न उरतो चेन कधी बदलायची हा. आपल्याकडे सायकलीची दुरुस्ती जूनमध्ये, शाळा उघडताना होते. तेव्हाच कोरी चेन पडते आणि लगेच चार महिने, वर्षाच्या जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पावसातला बहुतेक पाऊस, ती लाल चिखलात काढते. मेअखेरीस पट्टी लावून पाहावी. चेन मर्यादेच्या आत असेल तर पावसाळा जुन्या चेनवरच काढावा, मध्ये श्रावणात एकदा पुन्हा मोजावे, आणि नवी चेन घटस्थापनेच्या सुमारास, रस्ते सुकल्यावर टाकावी. मर्यादा आधीच ओलांडलेली असेल तर थांबण्यात अर्थ नाही. अशी चेन चार महिन्यांत फ्रीव्हीलचे दाते कोरून ठेवील, आणि मग दसऱ्याला आणलेली कोरी चेन चढावर सटकेल.